दृष्टी गमावलेल्यांसाठी मदतीची पंगत, लातूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येळवशीनंतरच्या, म्हणजे वेळ अमावस्येनंतरच्या, पहिल्या रविवारी दुपारी लातुरात ही पंगत बसते. कूपन घेणारे, वाढायला येणारे आणि ज्यांच्या घरात कुणाची नजर गेली आहे ते, असे सगळ्यांचेच फोन आम्हाला येतात. त्यात पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

पंगतीतून जमलेला पैसा कुणासाठी आहे?

ज्यांची नजर चालत्या आयुष्यात गेली, त्यांच्यासाठी आधी. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला उशिरा का होईना, शाळा, ब्रेल, वसतिगृह अशी काही वाट सापडते. पण पंचेचाळिशीत मधुमेहानं किंवा काचबिंदूनं नजर गेलेल्या माणसाला दवाखान्यात सांगतात की आता यापुढे काही करता येणार नाही. डोळ्याच्या उपचारापुरतं ते खरंही असतं. घरी मात्र त्याचा अर्थ असा घेतला जातो की या माणसाचंच आता काही होणार नाही. ओसरीवर बाज पडते, ताट जागेवर येतं, शेताचे निर्णय भाऊ किंवा मुलगा घेऊ लागतो. कुणी वाईट वागत नसतं, सगळे मायेनंच करत असतात. तरी काही वर्षांत घरचा कर्ता माणूस बोलायचाही थांबतो.

दवाखान्यातल्या त्या वाक्यानंतर पुढे काय, हे सांगणारं माणूस आपल्याकडे गावपातळीवर जवळजवळ नाही. पंगतीचा पैसा आम्ही तिथे लावतो.

म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही का?

शस्त्रक्रियेला नाही, कारण सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. हे अंधत्व शस्त्रक्रियेनं जातं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी देशभर नाव झालेले, २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने आपल्याच रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. जालन्याचं गणपती नेत्रालयही मराठवाड्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. तेव्हा उपचार नाहीत, अशी अडचण नाही.

अडचण आहे ती आजीला घेऊन जायचं कुणी, याची. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. सोयाबीन निघू दे, मग हरभरा होऊ दे, मग लग्नसराई, असं करत वर्षं जातात. म्हणून मोतीबिंदूच्या बाबतीत आम्ही येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी एवढंच देतो. रक्कम छोटी असते, पण तेवढ्यानं आजी एसटीत बसते.

बाकीच्या पैशाचं नेमकं काय होतं?

सगळ्यात मोठा खर्च प्रशिक्षकाचा. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या गावात जाऊन राहतो. निलंगा किंवा औसा तालुक्यातल्या खेड्यातल्या माणसाला घरापासून चौकापर्यंत, चौकापासून गिरणीपर्यंत, गोठ्यापासून बांधापर्यंत चालायचं असतं. गटार कुठे उघडं आहे, ट्रॅक्टर कुठे लावतात, विहिरीला कठडा आहे की नाही, हे त्या वाटेवरच शिकावं लागतं. शहरातल्या हॉलमध्ये ते जमत नाही. म्हणून प्रवास, राहणं आणि मानधन मिळून काठीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

काठ्या वाटण्याचा कार्यक्रम का करत नाही, असं देणगीदार विचारतात. काठी धरायची कशी, पावलाच्या तालावर डावी-उजवीकडे फिरवायची कशी, हे कुणी शिकवलं नाही तर ती दाराआड उभी राहते. शिवाय तिची लांबी माणसागणिक बदलते. साधारणपणे जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत लागते. एकाच मापाचा गठ्ठा आणून वाटणं म्हणजे पैसा वाया घालवणं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक काम असतं. नजर गेली की भाजेल या काळजीपोटी सगळ्यात आधी त्यांच्याकडून स्वयंपाक काढून घेतला जातो. आमच्या ताई त्यांना घरीच शिकवतात: गॅस पेटला की नाही हे आवाजावरून आणि उबेवरून ओळखणं, तिखट-मिठाचे डबे ठरल्या जागीच ठेवणं, पेल्याच्या काठाशी बोट धरून पाणी ओतणं, विळीऐवजी चाकू वापरणं. भाकरी थापायला तर डोळ्यांपेक्षा तळहातच जास्त लागतात, आणि ते हात वर्षानुवर्षांचे सरावलेले असतात. पहिली भाकरी स्वतः तव्यावर टाकली, की त्या बाईला घरात पुन्हा विचारलं जाऊ लागतं. हे काम कुठल्याही योजनेत बसत नाही, त्यामुळे ते आम्हाला फार मोलाचं वाटतं.

तिसरा खर्च फोन शिकवण्याचा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतंच. ते चालू केलं की पडद्यावरचं सगळं फोन बोलून दाखवतो. संगणकासाठी असंच बोलून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. नोट किती रुपयांची आहे हे सांगणारं 'मनी' नावाचं अ‍ॅप रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये आणलं. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ऐकता येतील अशी पुस्तकं आहेत. म्हणजे साधनं फुकट आहेत, पण ती बोटांत बसेपर्यंत शेजारी बसून शिकवणारं माणूस हवं असतं. थोडी नजर शिल्लक असलेल्यांसाठी भिंगं आणि चांगले दिवेही या पैशातून घेतो.

कूपनचा दर कसा ठरतो?

कूपनवर दोन आकडे छापलेले असतात: एक ताटामागे आलेला खर्च, दुसरा मदतीचा भाग. ज्वारी, तूर, गूळ, शेंगदाणे बऱ्याचदा शेतकरी देतात, त्यामुळे पहिला आकडा कमी ठेवता येतो. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं, आणि हिशेबाची प्रत मागेल त्याला मिळते. कूपन न घेणाऱ्यालाही मिळते.

आयकरात सवलत मिळते का?

मदतीच्या भागावर मिळते, जेवणाच्या खर्चावर नाही. कारण त्या पैशाच्या बदल्यात तुम्ही जेवलेले असता. ८०-जी म्हणून ओळखली जाणारी ही सवलत जुन्या करपद्धतीनं विवरण भरणाऱ्यांनाच आहे; नवी करपद्धत निवडली असेल तर उपयोग नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तरी सवलत जाते, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं द्या आणि पॅन क्रमांक लिहायला विसरू नका. धान्य, गूळ, कपडे अशा वस्तूंवर सवलत नाही.

माझा भाऊ अमेरिकेत आहे. त्याला पैसे पाठवायचे आहेत.

त्याचा पासपोर्ट भारताचा असेल आणि स्वतःच्या कमाईतून तो बँकेमार्फत पाठवणार असेल, तर चालतं. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर कायद्यानं ती परदेशी देणगी ठरते. त्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे आम्ही ती घेऊ शकत नाही. अशा वेळी गावाकडच्या घरच्यांनी आपल्या पैशातून कूपन घेऊन पंगतीला यावं, हे उत्तम.

जेवायला काय असतं?

येळवशीचंच जेवण. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण परभणी, जालन्याकडचे पाहुणे विचारतात म्हणून लिहितो. वेळ अमावस्येला आपल्याकडे सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप (खोपी) करून पांडवांची पूजा होते आणि येईल त्याला जेवायला बसवतात. त्या दिवशी अनोळखी माणसालाही बांधावरून हाक मारून बोलावायची रीत आहे, म्हणूनच मदतीच्या पंगतीला हे जेवण निवडलं.

भज्जी असते: हिरवे वाटाणे, तुरीचे दाणे, ओला हरभरा, पालेभाज्या, चिंच आणि डाळीचं पीठ असं सगळं एकत्र शिजवलेली, दाट. ज्वारी-बाजरीची भाकरी, उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ताकात केलेली ज्वारीची आंबील बिंदगीतून, म्हणजे मातीच्या छोट्या घागरीतून, वाढली जाते. सगळं शाकाहारी.

एक विनंती आहे. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय पंगत पंगत वाटत नाही, पण इथे खिरीचा आणि पोळीचा आग्रह करू नका. आलेल्यांपैकी अनेकांची नजर मधुमेहानंच गेलेली असते. भज्जीचा आणि आंबिलीचा हवा तेवढा करा.

नजर गेलेल्या पाहुण्यांना वेगळं बसवता का?

नाही. ते पंगतीचे पाहुणे आहेत आणि सगळ्यांच्या मधेच बसतात. काही जण स्वतः कूपन विकत घेतात, काही जण दारावर कूपन तपासायला किंवा आंबील वाढायला असतात. घरच्या एका माणसाला सोबत आणता येतं, त्याचं कूपन लागत नाही.

शेजारी बसलो तर कसं वागायचं?

नाव सांगून बोला. "ओळखा पाहू मी कोण?" हा खेळ कृपा करून करू नका, तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्यांच्याशी खेळला जातो आणि त्याचा त्यांना मनापासून कंटाळा आलेला असतो. उठून जाताना "मी जरा जाऊन येतो" एवढं म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. प्रश्न त्यांनाच विचारा. "मामांना भात वाढू का?" असं सोबतच्या पुतण्याला विचारलं जातं, आणि मामा शेजारीच बसलेले असतात.

चालताना दंड धरून ढकलू नका. तुमचा हात पुढे करा; ते तुमच्या कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील. तुमच्या अंगाच्या हालचालीवरून वळण, उतार सगळं त्यांना कळतं. पायरी आली की वर आहे की खाली ते सांगा. बसवताना हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून द्या, बाकी ते स्वतः करतात. काठी काढून कोपऱ्यात नेऊन ठेवू नका, ती त्यांच्या हाताशीच हवी. "इकडे या", "तिथे ठेवलंय" यापेक्षा "तुमच्या उजव्या हाताला" असं म्हटलं की काम होतं. बाकी पाऊस, सोयाबीनचा भाव, क्रिकेट, राजकारण, जे कुणाशीही बोलाल तेच बोला. कालचा सामना पाहिला का, असंही बेधडक विचारा. तेही "पाहिला" असंच म्हणतात.

वाढायला यायचं आहे. काही वेगळी पद्धत आहे का?

वेगळी नाही, आजीनं शिकवलेलीच. आपलं ताट जागच्या जागी ठरलेलं असतं: वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, ठेचा, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि वाटी, खाली मधोमध भात. डावं-उजवं पाळून वाढलं की न पाहता जेवणाऱ्याला प्रत्येक पदार्थ कुठे सापडेल हे आधीच माहीत असतं. हल्ली बुफेच्या सवयीनं कुठेही काहीही वाढलं जातं. इथे तसं झालं तर खिरीत ठेचा जातो. म्हणून वाढप्यांची सकाळीच अर्धा तास तालीम घेतो.

बाकी लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. वाढताना पदार्थाचं नाव घ्या: "उजवीकडे भज्जी वाढतोय, गरम आहे." न सांगता ताटात काही टाकू नका. आंबिलीचा पेला काठोकाठ भरू नका आणि कुठे ठेवला ते सांगा. भाकरीचा तुकडा मोडून द्यायचा तर आधी विचारा.

ताटं काठाची, स्टीलची असतात, कारण काठाला टेकवून घास घेता येतो. पत्रावळीवर भज्जी पळते. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी आम्ही ताटाखाली गडद रंगाचं कापड अंथरतो. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसतच नाही, केळीच्या पानावर मात्र लगेच दिसतो.

काही पाहुणे मोबाइल डोळ्याजवळ नेऊन वाचताना दिसतात. मग ते खरंच दृष्टिहीन आहेत का?

आहेत. हा संशय या लोकांना एसटीतही झेलावा लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार, चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही नजर ३/६० पेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. म्हणजे चांगल्या नजरेला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर त्या माणसाला ३ मीटरवरूनही दिसत नाही. पण अगदी जवळ, डोळ्याला लावून, काही दिसू शकतं. दिसण्याचा पट्टा १० अंशांपेक्षा कमी उरला तरीही कायद्यानं ते अंधत्वच. असा माणूस समोरचं घड्याळ पाहू शकतो आणि शेजारच्या खांबाला धडकतो. काचबिंदूत बहुतेकदा बाजूची नजर आधी जाते. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाच्या आजारात उलटं होतं: माणूस वाटेनं नीट चालतो, पण तुमचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. संध्याकाळी काठी आणि सकाळी बिनकाठीचा, असा एकच माणूस तुम्हाला दिसला तर तोही खोटारडा नसतो. कमी उजेडात त्याची नजर चालत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून जेवण्याचा कार्यक्रम आहे का?

नाही, आणि तो आम्ही ठेवणारही नाही. अर्धा तास पट्टी बांधली की फक्त भीती कळते. शिकलेला माणूस त्या भीतीत जगत नाही. पट्टी सोडल्यावर पाहुण्याच्या मनात कणव उरते आणि पंगतीतून जे साधायचं त्याच्या नेमकं उलट होतं.

भाषणं, सत्कार, ऑर्केस्ट्रा?

यातलं काहीच नाही. लाउडस्पीकर लावला की आवाजावर वाट काढणाऱ्या माणसाला हॉलमध्ये दिशाच राहत नाही. दार कुठे, पाण्याची जागा कुठे, कोण बोलतंय, सगळं बुडून जातं. देणगी देणाऱ्यांना शाल-श्रीफळही देत नाही. जेवण सुरू होण्याआधी गेल्या वर्षी शिकलेल्यांपैकी कुणाला वाटलं तर ते उभं राहून दोन शब्द बोलतात. कुणाला नाही वाटलं तर सरळ जेवायला बसतो.

फोटो काढले तर चालतील?

ज्याचा काढायचा त्याला विचारून. त्याला कॅमेरा दिसत नाही, म्हणून विचारण्याची जबाबदारी दुप्पट. मदत हातात देतानाचे फोटो कुणीही काढायचे नाहीत, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

लहान मुलांना आणू का?

जरूर. हॉलच्या एका कोपऱ्यात ब्रेलची पाटी आणि खिळा असतो. सहा टिंबांच्या ६३ रचना होतात आणि त्यांत मराठीची सगळी अक्षरं बसतात. मुलं आपलं नाव टोचून घरी नेतात. शिकवणारे गुरुजी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि मुलांच्या प्रश्नांना कधीच कंटाळत नाहीत.

तिथे नेत्रदानाचा अर्ज भरता येतो का?

येतो. पण दान केलेल्या डोळ्यानं कुणाला नजर येते, हे आधी समजून घ्या. प्रत्यारोपण होतं ते बुबुळाच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचं. ज्यांच्या डोळ्यात फूल पडलं आहे, म्हणजे हा पडदा पांढुरका झाला आहे, त्यांच्यापैकी अनेकांना त्याचा उपयोग होतो. काचबिंदूनं किंवा मधुमेहानं गेलेली नजर नेत्रदानानं परत येत नाही. पंगतीतल्या पाहुण्याला "आमच्या आईचे डोळे तुम्हाला देऊ" असं प्रेमानं सांगणारे असतात. त्या माणसाला मग तेच समजावून सांगावं लागतं, आणि ते दोघांनाही जड जातं.

अर्जापेक्षा घरच्यांचं मन तयार असणं महत्त्वाचं. अर्ज भरला नसला तरी घरच्यांच्या संमतीनं नेत्रदान होतं, आणि भरला असला तरी घरच्यांनी कळवलं नाही तर होत नाही. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोहोचायला हवं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोकं थोडं उंच करावं, पंखा बंद करावा. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालतं. चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीला उशीर होत नाही.

नजर जाऊच नये म्हणून काही सांगता का?

दारापाशी तपासणीचं टेबल असतं आणि तिथे आमचा आग्रह असतो. इथे तो हवा तेवढा करतो. मधुमेह असेल तर दिसत असतानाच वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्या. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही, आणि जाणवू लागतो तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. लेझरनं, इंजेक्शननं उरलेली नजर वाचवता येते. गेलेली सहसा येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी डोळ्याचा दाब आणि शीर तपासावी. थेंब सुरू झाले तर "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नयेत.

शेतात उसाचं पाचट, कडब्याचं पान, मळणीतलं तूस डोळ्यात गेलं, तर स्वच्छ पाण्यानं धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. झाडापाल्याच्या इजेतून बुरशीचा संसर्ग होतो. त्यावर दूध, मध, एरंडेल किंवा मेडिकलमधून न विचारता आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले की तो भडकतो आणि डोळ्यात फूल पडतं. मळणीच्या वेळी साधा गॉगल घातला तरी हे टळतं.

आणि एक नाजूक गोष्ट. मामा-भाची, आते-मामे भावंडांत लग्नं आपल्याकडे अजून होतात. रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू नजर नेणारे रेटिनायटिस पिग्मेंटोसासारखे काही आनुवंशिक आजार अशा लग्नातून मुलांत उतरण्याचा धोका वाढतो. ज्या घरात असा आजार आधीच आहे, त्यांनी सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. झालेल्या लग्नावरून कुणाला, विशेषतः सुनेला, दोष देऊ नये.

पैसे नाहीत, वेळ आहे. काय करता येईल?

लेखनिक व्हा. लातुरात शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या तुम्हाला माहीत आहे. त्यात दृष्टिहीन मुलंही असतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीपर्यंत ती लेखनिक शोधत फिरतात. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववी-अकरावीतल्या मुलांची गरज जास्त. प्रश्न जसा आहे तसा वाचायचा, उत्तर सांगितलं तसंच लिहायचं, आपली भर घालायची नाही. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, तेव्हा पूर्ण वेळ बसायची तयारी हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडची यादी कायम अपुरी पडते. पंगतीतच नाव द्या.

आमच्या जिल्ह्यात अशी पंगत करायची आहे.

करा, आमचा माणूस पहिल्या वर्षी सोबत येईल. दिवस मात्र तुमच्या भागाच्या कामधंद्यावर ठरवा. बीडकडे दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली असतात. तिथे जानेवारीत पंगत ठेवली तर ज्यांच्यासाठी ठेवली ती माणसं मागे ओसरीवर एकटी असतात आणि त्यांना आणणारं घरात कुणी नसतं. जेवणही तुमचंच ठेवा. येळवशीचं ताट लातूर-धाराशिवला जवळचं. परभणी-हिंगोलीत येसर आमटी आणि धपाटे जास्त शोभतील. छत्रपती संभाजीनगरात नानखलियाची (नान आणि मटणाचा रस्सा) पंगत ठेवली तर आणखी वेगळी माणसं येतील, आणि ती यायलाच हवीत.

हॉल निवडताना जिना, चकचकीत फरशी आणि अंधारे बोळ टाळा. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावा. आणि पंगत ठरवणाऱ्या बैठकीत पहिल्या दिवसापासून नजर गेलेली दोन माणसं तरी असू द्या, एक बाई त्यात हवीच.

आमच्या घरात वडिलांची नजर गेली आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून नेमकं कारण आणि उरलेली नजर किती, हे लिहून घ्या. मग यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की बाकीची दारं उघडतात. एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. केंद्राच्या एडिप योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर काठी, फोन यांसारखी साधनं मोफत मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो. आणि ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन त्याबद्दल विचारा, पोच घ्या.

हे सगळं होईपर्यंत थांबू नका. वडिलांना रोजचं एक काम परत द्या: जनावरांना पाणी, दुधाचा हिशेब, भाव विचारायचा फोन, जे ते आधी करत होते त्यातलंच. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका, दारं अर्धवट उघडी ठेवू नका.

पंगतीच्या दिवशी सकाळी अकरा ते बारा मदतीच्या टेबलावर आमची माणसं बसलेली असतात. त्यासाठी कूपन लागत नाही. वडिलांना सोबत घेऊन या, आणि त्यांचं आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो आणि डोळ्यांचे जुने-नवे सगळे कागद एका पिशवीत आणा. पहिल्या भेटीत आम्ही त्यांच्याशीच बोलू.